दौंडचे मनोरे आणि लॅपटॉपचे झाकण

पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर लागणारे दौंड आज बहुतेकांना रेल्वेचे जंक्शन म्हणूनच ठाऊक आहे. परंतु १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये बिनतारी संदेशांची ‘बीम’ सेवा सुरू झाली, तेव्हा विलायतेहून येणाऱ्या लहरी झेलण्याचे काम याच गावाकडे सोपवण्यात आले होते आणि इकडून विलायतेस संदेश धाडण्याचे काम पुण्याजवळच्या खडकीकडे. प्रक्षेपण एका गावी आणि ग्रहण दुसऱ्या, अशी ही विभागणी सरकारी सोयीसाठी झालेली नव्हती. खडकीचे प्रक्षेपक ज्या जोराने लहरी सोडीत, त्या जोराच्या सान्निध्यात हजारो मैलांचा प्रवास करून क्षीण झालेला संदेश कोणत्याही ग्राहकयंत्रास वेगळा काढता आला नसता, म्हणून ग्रहणकेंद्राला निवांत, मोकळी आणि दूरची जागा हवी होती. इंग्लंडातही हाच शिरस्ता होता: हिंदुस्थानासाठीचे प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळून होई आणि ग्रहण स्केगनेसजवळ. मार्कोनींच्या कंपनीतील चार्ल्स फ्रँकलिन यांनी सिद्ध केलेल्या या योजनेत उंच पोलादी मनोऱ्यांच्या रांगेवरून उभ्या तारांचा एक विस्तीर्ण पडदा सोडलेला असे आणि त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा. त्यामुळे लहरी दाही दिशांना उधळल्या न जाता एकाच दिशेस जात, आणि ग्रहणाच्या बाजूचा पडदाही केवळ त्याच दिशेकडून येणारे टिपून घेई व बाकीच्या गोंगाटाकडे पाठ फिरवी. तत्पूर्वी साम्राज्यभर दीर्घलहरींची प्रचंड केंद्रे उभारण्याचा जो घाट घातला जात होता, त्याच्या मानाने ही सेवा शक्तीच्या अंशमात्र खर्चात चालली.

या मनोऱ्यांची आठवण आज करावीशी वाटते ती आपल्या घराघरांतील एका नित्याच्या तक्रारीमुळे. काही वर्षे वापरलेला लॅपटॉप शेजारच्या खोलीत नेला की ‘नेट पकडत नाही’, ‘रेंज जाते’, अशी कुरकूर सुरू होते. त्याच जागी मोबाईल मात्र व्यवस्थित चालत असतो. आणि मग यंत्र जुने झाले असा निकाल देऊन ते माळ्यावर टाकले जाते किंवा भंगारात जाते. ज्या घरात असे एकच यंत्र असते आणि त्यावर मुलांचा अभ्यास चालतो, त्या घरास हा निकाल फार महाग पडतो, आणि पुष्कळदा तो चुकीचाही असतो. लहरींचे ग्रहण कशाने सुधारते याचे ज्ञान आपल्या समाजात साठ-सत्तर वर्षे सामान्य गृहस्थाच्या घरी नांदत होते. अँटेना डोळ्यांआड गेली आणि तिच्यामागोमाग ते ज्ञानही गेले.

मुंबईच्या रेडिओ क्लबाने जून १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपणास आरंभ केला, आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. या केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती, तेव्हा नाशिक-साताऱ्याकडच्या श्रोत्यास जे काही ऐकू येई ते त्याच्या स्वतःच्या खटपटीनेच. रेडिओ बाळगण्यास सरकारचा परवाना लागे. त्याची वार्षिक फी दहा रुपये, म्हणजे त्या काळी बेताच्या प्राप्तीच्या माणसाने दोनदा विचार करावा अशी रक्कम होती. पुढे १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याने तर परवान्यावाचून असे यंत्र नुसते जवळ ठेवणे हाच गुन्हा ठरवला. परवान्याचे पुस्तक घेऊन टपाल कचेरीत फी भरावी, त्यावर शिक्कामोर्तब करून घ्यावे, आणि मग घरी येऊन एरियलच्या मागे लागावे, असा तो क्रम असे.

एरियल म्हणजे माडीवर किंवा गच्चीवर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची पिळाची तार. तिच्या दोन्ही टोकांस चिनी मातीच्या विद्युतरोधकांच्या माळा असत, जेणेकरून मिळालेला विद्युत्‌कण बांबूच्या ओलाव्यावाटे जमिनीत मुरून जाऊ नये. एका टोकातून दुसरी तार खिडकीवाटे आत येऊन रेडिओच्या पाठीस लागे. आणि रेडिओची आणखी एक तार नळाच्या पाइपास किंवा ओलसर जागी पुरलेल्या पत्र्यास जोडून ‘अर्थ’ दिला जाई. पावसाळ्यात विजेची भीती असे म्हणून एरियल जमिनीस जोडून टाकण्याचा एक खटका खिडकीपाशी बसवलेला असे, आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की घरातील कर्ता माणूस प्रथम तो खटका ओढी. या सर्व उपद्‌व्यापातून त्या पिढीस काही गोष्टी पक्क्या कळल्या होत्या: तार जितकी उंच आणि मोकळी तितके ग्रहण चांगले, ती पत्र्याच्या छपरापासून व विजेच्या तारांपासून दूर हवी, तिची दिशा बदलली की एखादे केंद्र चढते आणि दुसरे उतरते, आणि सांधा गंजला की सारा आटापिटा व्यर्थ जातो. यांतील एकही गोष्ट आज असत्य ठरलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर या ज्ञानाचा कस लावणारा प्रसंग १९५२ साली आला. त्या वर्षी नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे शास्त्रीय संगीताचे निस्सीम अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले, आणि त्याच सुमारास रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कोलंबोहून लघुलहरींवर येणारा तो कार्यक्रम ऐकण्यासाठी ज्यांनी एरियलची हयगय केली होती त्यांनीही पुन्हा गच्ची गाठली. केसकरांच्या धोरणाविषयी मतभेद पुष्कळ झाले आणि आजही होतील. परंतु सिलोन स्पष्ट लागावे म्हणून खेड्यापाड्यांतल्या तरुणांनी तार वर नेली, खाली आणली, पूर्व-पश्चिम केली, दक्षिणोत्तर केली, आणि त्या निमित्ताने लहरींच्या स्वभावाचे जे शिक्षण या देशास मिळाले, ते कोणत्याही शाळाखात्याने दिलेले नाही.

मग ट्रान्झिस्टर आला आणि अँटेना पेटीच्या आत गेली. मध्यमलहरींसाठी त्याच्या आत फेराइटची एक काळी कांडी आणि तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असे. या कांडीचा विशेष असा की तिची लांब बाजू केंद्राकडे असली म्हणजे आवाज खणखणीत येई आणि टोक केंद्राकडे वळले की तो बसे. ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही, त्यांनाही ट्रान्झिस्टर हातात धरून सावकाश फिरवण्याची सवय जडली होती ती यामुळेच. अँटेना अदृश्य झाली तरी तिची दिशा हातास कळत होती, एवढा दुवा अजून शाबूत होता.

दूरचित्रवाणीने अँटेना पुन्हा गच्चीवर आणली आणि तिला तिचे सर्वांत ठसठशीत रूप दिले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्यासाठी १९७३ साली सिंहगडावर पुनःप्रक्षेपणाची योजना झाली, आणि पुण्यातील वाड्यांच्या कौलांवर, चाळींच्या गच्च्यांवर, सोसायट्यांच्या टाक्यांवर उभ्या राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या सगळ्या दांड्या एका गडाकडे तोंड करून राहू लागल्या. या अँटेनेची रचना हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांची, १९२६ मधली: मध्ये वळवलेली एक ग्राहक दांडी, तिच्या मागे थोडी लांब परावर्तक दांडी आणि पुढे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या दिग्दर्शक दांड्या. या शोधाचे स्वदेशी काय झाले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडारविषयीची काही टिपणे लागली. त्यांत ‘यागी’ असा वारंवार उल्लेख पाहून ही काय वस्तू आहे अशी विचारणा त्यांनी युद्धकैद्यास केली, आणि ते तुमच्याच देशातील प्राध्यापकाचे नाव आहे असे उत्तर त्यांस मिळाले. जवळची विद्या डोळ्यांआड झाली म्हणजे ती परक्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी येते, याचे इतके दुःखद उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच असेल.

गच्चीवर एकाने अँटेना फिरवायची, दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे आणि तिसऱ्याने पडद्यासमोर बसून ‘आलं, आलं… गेलं, थोडं मागे!’ असे ओरडायचे, हा सोहळा ज्या पिढीने केला तिला दोन प्रकारचे दोष वेगवेगळे ओळखता येत होते. पडद्यावर ‘मुंग्या’ आल्या तर लहर क्षीण आहे, अँटेना वर न्या किंवा नीट रोखा. परंतु प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट आकृती उभी राहिली, ‘डबल’ दिसू लागले, तर लहर पुरेशी आहे, पण ती सरळ एका वाटेने आणि डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून किंचित उशिरा दुसऱ्या वाटेने, अशी दोनदा येत आहे. पहिला दोष शक्तीचा आणि दुसरा प्रतिध्वनीचा. यातला दुसरा दोष निस्तरण्याची विद्या पुढे संगणकांच्या बिनतारी जोडणीस उपयोगी पडली.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेतील जॉन ओ’सलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. स्टीफन हॉकिंग यांनी कल्पिलेल्या लघु कृष्णविवरांच्या स्फोटातून निघणारे रेडिओस्पंद सापडतात का, याचा शोध त्यांनी सत्तरच्या दशकात घेतला. स्पंद सापडले नाहीत, पण अंतराळातून येताना पसरट झालेली लहर पुन्हा रेखीव कशी करावी या विचारात त्यांची बुद्धी मुरली. पुढे भिंतींवर आपटून खोलीभर घुमणाऱ्या लहरींतून संगणकाचा संदेश निवडून काढण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या चमूने संदेश अनेक संथ प्रवाहांत वाटून देण्याची युक्ती बसवली आणि तिचे अमेरिकन पेटंट १९९६ मध्ये मिळाले. आकाश ऐकणाऱ्यांनी घरातले बोलणे सोपे केले, असा हा योग. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण आणि तिच्याच मुलुखातले आर्वीचे विक्रम उपग्रह भूकेंद्र, ही दोन्ही याच ऐकण्याच्या विद्येची स्थाने होत.

आर्वीचा आणि दौंडचा संबंध केवळ प्रांताचा नाही. खडकी-दौंड चालवणारी इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी १९३२ मध्ये समुद्री तारांच्या व्यवसायाशी एकरूप झाली. १९४७ साली सरकारने तो कारभार हाती घेऊन परदेश दळणवळण सेवा स्थापिली; आर्वीचे केंद्र याच सेवेचे. तीच १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाली. आणि या निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य भारतीयास खुले केले. म्हणजे ज्या संस्थेच्या पूर्वजाने दौंडला लिंकनशायरच्या लहरी टिपल्या, त्याच वंशाने आपल्या टेलिफोनच्या तारेतून जगाचे जाळे घरात आणले. घरात आल्यानंतर ते तारेवाचून खोल्याखोल्यांत फिरवणे, एवढेच काय ते बाकी होते.

त्यासाठी लागणारा लहरींचा पट्टा कोणालाच फारसा नको होता. १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा प्रदेश उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपकरणांसाठी सोडण्यात आला. मायक्रोवेव्ह भट्टी अन्न तापवते ती याच पट्ट्यात. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तेथे परवान्याशिवाय संदेशवहन करण्यास मुभा दिली, आणि दुकानांतली हिशेबयंत्रे वरचेवर हलवावी लागतात, प्रत्येक वेळी तारा कोण ओढणार, या व्यावहारिक अडचणीतून एनसीआर या कंपनीच्या हॉलंडमधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ घडवले. त्यांच्यापैकी व्हिक हेज यांनी ८०२.११ या मानकाच्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. मानक १९९७ मध्ये निघाले, १९९९ मध्ये त्याचा सेकंदास ११ मेगाबिटचा वेग देणारा विस्तार झाला आणि त्याच वर्षी ‘वाय-फाय’ हे नाव रूढ झाले. आपल्या देशी १८८५ च्या तारायंत्राच्या आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यांचा अंमल होता, त्यामुळे या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मोकळे करणारी अधिसूचना जानेवारी २००५ मध्ये निघाली: प्रक्षेपकाची शक्ती कमाल एक वॉट, आणि अँटेनाच्या लाभासह चार वॉट. रेडिओच्या परवान्यासाठी टपाल कचेरीत रांगा लावलेल्या माणसाच्या नातवास घरात प्रक्षेपक ठेवण्यास कोणाचीही सनद लागेनाशी झाली, ही घटना वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात राहिली. तिचे महत्त्व मात्र मोठे आहे.

प्रारंभीच्या लॅपटॉपांत वाय-फाय बाहेरून बसवावे लागे. पत्त्याच्या कॅटएवढे पण चपटे कार्ड यंत्राच्या कुशीतील खाचेत सरकवायचे. त्याचे प्लॅस्टिकचे टोक बाहेर डोकावत राही आणि अँटेना त्या टोकात आडवी पडलेली असे. टेबलाच्या पातळीला, तळहाताच्या शेजारी, धातूच्या चौकटीला चिकटून, अशी तिची अवस्था, आणि शक्ती सुमारे तीस मिलिवॉट. यामुळे पुन्हा एकदा हौशी माणसे कामास लागली. काही कार्डांच्या टोकास झाकणाखाली बाहेरच्या अँटेनासाठी सूक्ष्म छिद्र ठेवलेले होते. त्यात तार जोडून २००१ साली कॅलिफोर्नियात रॉब फ्लिकेंजर यांनी बटाट्याच्या कापांच्या पोकळ नळकांड्यात दांडी व वॉशर बसवून दिशादर्शी अँटेना केली आणि तिची कृती प्रसिद्ध केली. लवकरच जगभर कॉफीचे, दुधाच्या भुकटीचे डबे या कामी लागले. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी दोन पर्वतांमध्ये मोठ्या तबकड्या समोरासमोर रोखून याच अल्पशक्तीच्या वाय-फायने ३८२ किलोमीटरचे अंतर ओलांडले. घरातल्या दोन भिंतींपाशी हात टेकणारी लहर तीच; फरक फक्त अँटेनेचा आणि मध्ये काहीही आड न येण्याचा होता.

अँटेना यंत्राच्या पोटात घेण्याचे काम जिकिरीचे आहे, हे ॲपलच्या दोन लॅपटॉपांच्या तुलनेत उत्तम दिसते. १९९९ चे आयबुक प्लॅस्टिकचे होते; त्याची अँटेना पडद्याच्या चौकटीत होती आणि ग्रहण उत्कृष्ट. जानेवारी २००१ मध्ये आलेले पॉवरबुक टायटॅनियमच्या देखण्या कवचाचे. त्यात अँटेना खालच्या भागात, कडेच्या लहानशा बिगरधातू खिडक्यांआड ठेवली होती, आणि महाग असूनही ते आपल्या स्वस्त भावंडापेक्षा ग्रहणात उणे पडले. कारण उघड आहे: धातूच्या पेटीतून लहर आत-बाहेर जात नाही, आणि खिडकीवर वापरणाऱ्याचाच हात किंवा मांडी येते. २००३ च्या ॲल्युमिनियमच्या आवृत्तीत अँटेना पडद्याच्या दोन्ही कडांस नेण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ आणल्यावर हळूहळू बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय अंगभूत झाले आणि झाकणात, पडद्याच्या मागे किंवा वरच्या काठाशी अँटेना बसवणे हा सार्वत्रिक रिवाज ठरला. झाकण उघडले की तो काठ यंत्राचा सर्वांत उंच भाग होतो, हातापासून दूर राहतो आणि उभा असतो, तेव्हा जागा अचूक निवडलेली आहे यात शंका नाही. परंतु या रिवाजाने अँटेना इतकी लपली की आपल्या लॅपटॉपास ती आहे, हेच वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांस ठाऊक नसते.

जुना लॅपटॉप उलटा करून त्याचे बूड काढले की एका कोपऱ्यात हिरवट पट्टीचे बोटभर कार्ड दिसते. त्यावर दोन इवल्याशा गोल सोनेरी घुंड्या असतात, व्यास अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांवर एक काळी व एक पांढरी, सुईएवढ्या जाडीची तार दाबून बसवलेली असते; शेजारी काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची खूण छापलेली असते. या दोन तारा मदरबोर्डाच्या कडेने सरकत बिजागरीत शिरतात आणि झाकणातून वर चढून पडद्याच्या काठापाशी पितळी पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांना मिळतात. वर्षानुवर्षे झाकण उघडून मिटून बिजागरीतल्या या तारांना पीळ बसतो, आतला तंतू तुटतो, बाहेरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. पडदा बदलताना किंवा धूळ झाडताना कोणी घुंडी काढली आणि ती पुरती न दाबता सोडली, तर तोच परिणाम होतो. या घुंड्या अवघ्या तीसेक वेळा काढण्या-घालण्यासाठी केलेल्या असतात. अशा यंत्रास राउटरच्या शेजारी बसल्यावर सारे ठीक लागते, आणि खोली ओलांडताच लहर उणे ५० वरून उणे ८० डेसिबेलवर येते. या तीस डेसिबेलांचा अर्थ शक्तीचा हजारावा हिस्सा उरला असा आहे. तुटलेल्या तारेचे हे ठळक लक्षण आहे, आणि त्यावर नवा राउटर हा उपाय नव्हे. राउटर कितीही जोराने बोलला तरी लॅपटॉपाला तितक्याच अंतरावरून उत्तर द्यावे लागते. त्याचे उत्तर पोचले नाही तर संवाद तुटतो.

कार्ड बदलण्याचा मार्ग काही यंत्रांत निर्मात्यांनीच अडवलेला होता. आयबीएम व लेनोवोच्या जुन्या थिंकपॅडांत अनोळखी कार्ड घातले की यंत्र सुरू होतानाच काळ्या पडद्यावर १८०२ हा क्रमांक आणि हे नेटवर्क कार्ड अनधिकृत आहे, ते काढून टाका, अशी ताकीद येई. कार्ड आणि अँटेना ही जोडी मिळून नियामकाकडून मंजूर झालेली असते, हे त्याचे दिले जाणारे समर्थन. ते अगदीच निराधार नव्हते. पण ज्या ग्राहकाने यंत्राचे पूर्ण मोल मोजले आहे त्याला स्वतःच्या यंत्रातले एक बोटभर कार्ड बदलण्याचा अधिकार नसावा, हे मला कधीही न्याय्य वाटलेले नाही. अशा यंत्रांना यूएसबीचे बाहेरचे उपकरण हाच मार्ग उरतो, आणि तोही नीट जाणून घ्यावा लागतो: यूएसबी ३.० च्या खाचेतून होणाऱ्या वेगवान वाहतुकीचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडले आहे. म्हणून ते उपकरण खाचेत थेट न खोचता हातभर वायरीने दूर नेऊन उंचावर ठेवले की अधिक लाभ होतो. खडकीच्या अभियंत्यांनी ग्रहण दौंडला नेले त्यामागे हेच तत्त्व होते.

प्रतिध्वनीच्या प्रश्नास पुढच्या पिढीने निराळेच वळण दिले, आणि त्यात पुण्याचा धागा आहे. पुण्यात जन्मलेले, सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले थॉमस कैलाथ स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते; भारतीय नौदलात सोनारचे मोठे काम केलेले आरोग्यस्वामी पॉलराज त्यांच्याकडे गेले, आणि १९९४ साली या दोघांना अनेक अँटेनांनी एकाच वेळी, एकाच पट्ट्यात वेगवेगळे संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. भिंतींवर आपटून येणाऱ्या ज्या अनेक वाटा आजवर दोष मानल्या जात होत्या, त्याच वाटांवरून आता अधिक माल नेता येऊ लागला. २००९ च्या मानकात ही पद्धत रुजली. ही पद्धत नसलेल्या जुन्या लॅपटॉपांत दोन तारा असल्या तरी ते त्यांतली जी चांगली लागेल ती एकच एका वेळी वापरतात. म्हणून नव्या मोबाईलशी त्यांची बरोबरी होत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. मात्र कार्ड बदलू देणाऱ्या जुन्या यंत्रात त्याच दोन तारांवर नवे कार्ड बसवले की ते या पद्धतीने चालू लागते.

घरातील जागेचा विचार यानंतर येतो, आणि तो गच्चीवरच्या एरियलइतकाच जुना आहे. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ती सावली धरते, परावर्तित होते, आणि परावर्तित लहरी एकमेकींना कोठे बळ देतात तर कोठे मारतात. त्यामुळे लॅपटॉप वीतभर सरकवला किंवा झाकणाचा कोन बदलला तरी ग्रहणात मोठा फरक पडतो. आपल्या इमारतींच्या भिंतींत सळ्या आहेत, खिडक्यांना लोखंडी ग्रिल आहे, भिंतीशी गोदरेजचे कपाट आहे. पाणी ही लहर गिळते, तेव्हा पाण्याचे पिंप, ॲक्वेरियम आणि खुद्द माणसाचे शरीर हेही आडकाठीच. अशा घरात राउटर टीव्हीच्या कपाटात दाराआड ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती सर्वस्वी चुकीची. तो घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. शेजारपाजारच्या राउटरांची दाटी असेल तर १, ६ आणि ११ या परस्परांवर न चढणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी मोकळी असेल ती निवडावी. ज्याच्या यंत्रात ५ गिगाहर्ट्‌झची सोय आहे त्याला २०१८ च्या अधिसूचनेने आणखी प्रशस्त मुलूख खुला झाला आहे, परंतु ती आखूड लहर भिंतीपाशी अधिक लवकर थकते, तेव्हा त्याच खोलीत बसणाऱ्यानेच तिची कास धरावी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत पूर्वी रेडिओच्या व्हॉल्व्ह, कॉइल आणि कंडेन्सरांसाठी लोक फिरत. आज त्याच फळ्यांच्या दुकानांत लॅपटॉप दुरुस्त होतात. तेथील जाणते कारागीर भंगारात आलेल्या लॅपटॉपांची झाकणे फोडून त्यांतील अँटेनाच्या पट्ट्या आणि काळ्या-पांढऱ्या तारा सोडवून घेतात, त्यांची लांबी आणि घुंडीचा नमुना पाहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगळ्या ठेवतात, आणि कोणाचा लॅपटॉप ‘रेंज पकडत नाही’ म्हणून आला की मीटरच्या दोन टोकांनी प्रथम तार तपासतात. तार तुटलेली निघाली तर पडद्याच्या कडेची चौकट नखाने उकलून जुनी काढतात, पिशवीतली नवी बिजागरीतून ओवतात आणि घुंडीवर अंगठा दाबून टक्‌ असा आवाज आल्याखेरीज बूड बंद करीत नाहीत. या कामास निर्मात्यांचे सुटे भाग बहुधा मिळत नाहीत. मिळतात ते दुसऱ्या लॅपटॉपांच्या झाकणांतूनच, आणि म्हणून या कारागिरांकडे आलेले भंगार सहसा वाया जात नाही.